साठ मिली

डबा उघडला की उकडलेल्या बटाट्याच्या पाण्याचा वास येतो,
त्यात कुणी गंजक्या खिळ्यांची पुडी विसरून गेल्यासारखा.
रबाळ्याच्या कंपन्या रात्री दोननंतर जे काय हवेत सोडतात
त्याच्याशी याचं दूरचं नातं असावं.
मी बोट बुडवून चाखलं.
प्रसन्नला म्हटलं, हे मी शत्रूलासुद्धा...
आणि वाक्य तिथंच ठेवलं,
कारण सध्या घरातला शत्रू म्हणजे
बारशाला आलेला एक पेढा.

साडेतीन महिने मी भात आणि दोडका खाल्ला.
चहा कोरा. तूप नाही, दही नाही, अंडं नाही,
शेंगदाणा नाही. मराठी घरात शेंगदाण्यावाचून राहून बघा,
कोशिंबिरीचीसुद्धा भीती वाटते.
संगमनेरहून आलेले डिंकाचे लाडू
वॉचमनच्या पोरांनी संपवले, डबा घासून परत दिला.
तरी कस्तुरीच्या लंगोटात
रोज एक लाल धागा,
शिवता शिवता कुणी तोडून टाकलेला.

वाशीच्या डॉक्टर म्हणाल्या, "तुमचं काही चुकलं नाही."
हे वाक्य ज्यांना ऐकावं लागतं
त्यांनाच कळतं ते किती चुकल्यासारखं वाजतं.

मग कागद. आज पन्नास माझं, दहा डब्यातलं.
परवा चाळीस, वीस.
फ्रीजवर चिकटवलेला, एसटीच्या वेळापत्रकासारखा,
आणि तितकाच पाळला गेलेला.
दहाला ती प्यायली.
वीसला थांबली, माझ्याकडे पाहिलं,
आणि तोंडातलं सगळं हळूच, अगदी सभ्यपणे,
हनुवटीवरून खाली सोडून दिलं.
बाटली, चमचा, सासूबाईंचं चांदीचं बोंडलं,
गार, कोमट, अर्धवट झोपेत,
प्रसन्नच्या खांद्यावर माझा गाऊन टाकून.
ती गाऊन चोखायची.
आणि मी पलीकडच्या खोलीत, तिच्या पहिल्याच कण्हण्याला
पान्हा फुटून दोन्हीकडून भिजलेली.
अंगाला कुणी तो कागद वाचून दाखवला नव्हता.

सहाव्या दिवशी मढवी मावशी आल्या,
दिवा गावातल्या, तिला अंघोळ घालणाऱ्या.
"तू जा गो खाली. तू हाय तवर पोर तुलाच मांगल."
कुठं जाऊ?
"कुटं पन. तुजा वास येनार नाय इतकी लांब."

वास येणार नाही इतकं लांब म्हणजे किती?
लिफ्ट. गेट. ऐरोलीचं सगळं सेक्टर आठ.
खाडीकडचा रस्ता, जिथं संध्याकाळी
निवृत्त माणसं घड्याळात पावलं मोजतात.
मी खारफुटीच्या कडेला कठड्यावर बसले.
ओहोटी होती. चिखल उघडा पडलेला,
त्यालाही त्याचा असा एक वास,
आणि त्या वासात लांब पायांचे पक्षी
मान उलटी करून खुशाल जेवत होते.
त्यांना कुणी शिकवलं असेल, का
भूक लागली होती, इतकंच?

वीस मिनिटं फोन वाजला नाही.
मग प्रसन्नचा फोटो आला: रिकामी बाटली,
कडेला मावशींचा अंगठा.
साठ मिली.
मी हसले, आणि त्याच दमात असं रडू आलं
की शेजारच्या काकांनी काही न विचारता
त्यांची पाण्याची बाटली पुढे केली.
कोमट, वाळ्याचा वास असलेलं,
दुसऱ्याच्या घरचं पाणी.
गेलं खाली.

घरी तिच्या ओठांना बटाट्याचा वास.
मी तिथंच नाक लावून बसले.

फ्रीजरमध्ये अजून माझ्या अकरा पिशव्या आहेत,
तारखा घातलेल्या. एकीवर चौदा ऑगस्ट.
त्या रात्री मी चोरून शेंगदाण्याची चटणी खाल्ली होती,
अर्धा चमचा, ओट्याशी उभ्यानं, दिवा न लावता.
ती पिशवी मी फेकलेली नाही.
ठेवली आहे असंही म्हणवत नाही.
नुसती मटारांच्या मागे सरकवत राहते.